दिसेल तेवढंच, ऐकू येईल तेवढंच

समोर पटकथेचं कोरं पान आहे.

अजून काही लिहू नका. नुसतं पाहा.

डावीकडे दीड इंच जागा सोडली आहे. उजवीकडे एक इंच. वर एक, खाली एक. डावीकडचा तो जास्तीचा अर्धा इंच भोकं पाडून पानं एकत्र बांधण्यासाठी असतो. या पानामागून आणखी पानं येणार आहेत. येऊ द्या. आज आपलं काम एकाच पानाशी आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता डोळे मिटा. तालुक्याच्या गावचा एस.टी. स्टँड दिसू द्या. रात्रीची वेळ. फलाट रिकामे. एका बाकड्यावर कुणीतरी बसलं आहे.

घाई नको. आधी तीनच गोष्टी स्वतःला विचारा. आपण आत आहोत की बाहेर? कुठे आहोत? केव्हा?

उत्तर मिळालं की डोळे उघडा आणि एका ओळीत लिहा.

बाह्य. एस.टी. स्टँड. रात्र.

हे दृश्याचं शीर्षक. ‘बाह्य’ऐवजी कुणी ‘एक्स्ट.’ लिहितं, चालतं. जे निवडाल ते शेवटच्या पानापर्यंत तसंच ठेवा. जागा बदलली किंवा वेळ बदलली, की नवं शीर्षक. तोवर इथेच राहा.

इथेच राहा.

एक ओळ मोकळी सोडा.

आता पुन्हा बाकड्याकडे पाहा. सत्तरीची एक बाई बसली आहे. शेजारी पत्र्याची ट्रंक. ती पदराची गाठ सोडते. पुन्हा बांधते.

एवढंच लिहा. वर्तमानकाळात लिहा. पटकथेत सगळं आत्ता घडतं. ती बसली होती असं नाही, ती बसली आहे.

‘तिला काळजी वाटते आहे’ असं लिहावंसं वाटेल. वाटू द्या. मग विचारा, काळजी कॅमेऱ्याला दिसते का?

गाठ दिसते. सोडणारी बोटं दिसतात. रस्त्याकडे वळलेली मान दिसते.

जे दिसतं तेच पानावर राहू द्या.

दोन-तीन ओळी झाल्या की परिच्छेद थांबवा. नवी नजर, नवा परिच्छेद. ‘क्लोजअप’ लिहायची गरज नाही. बोटांची ओळ वेगळी लिहिली, की वाचणारा आपोआप बोटांजवळ येतो.

आता ऐका.

दूर कुत्रं भुंकतं. ट्यूबलाइटची गुणगुण येते. चपलांचा आवाज जवळ येतो.

यातलं दृश्याला जे हवं, तेवढंच घ्या. बाकीचं जाऊ द्या.

चपला थांबतात. खाकी कपड्यांतला कंडक्टर उभा आहे. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा इंग्रजीत त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. आपण नाव ठळक करू या.

त्याला बोलू द्या.

नाव पानाच्या मधोमध, डाव्या कडेपासून साधारण पावणेचार इंचांवर. त्याखाली संवाद, अडीच इंचांवरून सुरू होणारा. दोन्ही बाजूंनी मोकळी जागा.

कंडक्टर
आजी, शेवटची गाडी गेली.

थांबा. ती लगेच उत्तर देत नाही.

तिच्या न बोलण्यालाही पानावर जागा हवी. संवादाखाली एक ओळ सोडा. पुन्हा डाव्या समासाशी या. लिहा: ती ट्रंकेवर हात ठेवते.

आजी
मला कुठं जायचंय? लेक यायचीये.

कंसात ‘दुःखाने’ लिहू नका. ओळ पुन्हा मनातल्या मनात ऐका. ती जड आहे ना? मग कंस नको. कंसातली सूचना तेव्हाच, जेव्हा तिच्याशिवाय अर्थच चुकेल.

श्वास घ्या.

आता पान हातभर दूर धरा. शब्द वाचू नका. काळं आणि पांढरं बघा.

मधोमध छोटे संवाद. कडेला लागून दृश्याचं वर्णन. मध्ये मोकळ्या ओळी. पान गच्च भरलं असेल, तर डोळा अडखळतो. पांढरं असेल, तर डोळा खाली उतरत जातो, वेळ जावा तसा.

इंग्रजी पटकथा १२ पॉइंट कुरियरमध्ये लिहितात. हा टाइप १९५०च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमच्या टंकलेखन यंत्रांसाठी घडवला. त्यातलं प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं. एका इंचात दहा अक्षरं. म्हणून पानाला माप आलं: एक पान, पडद्यावर साधारण एक मिनिट.

देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी नसते, वर-खाली मात्रा-उकार येतात. ते माप इथे जसंच्या तसं लागत नाही. काही जण पानाचे दोन उभे भाग करतात, डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. तोही जुना, कामाचा रिवाज आहे.

पानाचं माप लागत नाही, म्हणून आपण घड्याळ लावू या. पान हळू वाचा. संवाद मोठ्याने. गाठ सुटायला जितका वेळ लागतो, तितकं थांबा. ट्रंकेवर हात टेकेपर्यंत थांबा.

किती सेकंद झाले, ते पेन्सिलीने कडेला लिहा.

आता एक ओळ शोधा, जी दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. प्रत्येक पानावर अशी एखादी सापडतेच. ती खोडा. उरलेलं पुन्हा वाचा.

हे पान आता दुसऱ्यांच्या हातात जाणार आहे.

‘रात्र’ हा शब्द वाचून कुणी दिव्यांची सोय करेल. ‘बाह्य’ वाचून कुणी परवानगीचा अर्ज लिहील. कुणी तसं बाकडं शोधेल, कुणी जुनी ट्रंक. कुणी ठरवेल की पदर सुती हवा, गाठ बसेल असा. आजीचं काम करणारी अभिनेत्री त्या मोकळ्या ओळीपाशी थांबेल आणि तिथे काय करायचं ते स्वतः शोधेल.

समास, मोकळ्या ओळी, शीर्षकं शिकायची ती या माणसांसाठी. त्यांच्यापैकी बहुतेकांना तुम्ही भेटणारही नाही. भल्या पहाटे, सेटवर, त्यांच्या हातात फक्त तुमचं पान असेल. त्यांना तुम्हाला फोन करून काही विचारावं लागू नये, इतकं स्वच्छ लिहा.