हाकेतले नाव आणि नोंदीतले नाव



गेल्या पावसाळ्यात पाचवीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. ‘माझे मूळ गाव’ या विषयावर दहा ओळी लिहून आणा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शाळेत हा गृहपाठ वाटतो तितका सोपा नाही. इथे बहुतेक घरे कुठून ना कुठून तरी आलेली आहेत. एका मुलीने गाव, तालुका, जिल्हा असे नीट लिहिले होते. त्याखालची ओळ मात्र खोडरबराने इतकी घासली होती की कागद फाटायला आला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, “सर, आजीनं सांगितलं म्हणून पोरीनं वहीत ‘मांगवाडा’ लिहिलं होतं. मीच पुसायला लावलं. आम्ही आता दीक्षा घेतली. ते नाव आमच्या घरात नको.”

मी “बरोबर आहे, ताई” म्हणालो आणि त्या माउलीची बोळवण केली. पण ती घासलेली ओळ माझ्या मनातून गेली नाही. ज्या नावाने आपल्याला हिणवले ते नाव टाकून देणे हा आपला हक्क आहे, यात वादच नाही. पण टाकणे आणि पुसणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? माझ्यासारख्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे, आणि नुकतीच दीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबालाही. म्हणून हा लेख.

प्रथम आपल्या पायाखालची जमीन पाहू. उल्हासनगर हे नाव फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा मोठा तळ पडला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून शहराला नाव पडले. सैन्य केव्हाच गेले, निर्वासितांचे नातू घरांचे मालक झाले. तरी आजही आपण पत्ता सांगतो तो ‘कॅम्प नंबर ४’ असाच. शहराच्या कडेला म्हारळ, आशेळे, माणेरे ही गावे नावानिशी उभी आहेत. बराकींखाली गेलेल्या शिवारांची नावे मात्र कोणत्याही पाटीवर नाहीत.

बदलापूरला पूर्वी घोडे बदलत असत म्हणून ते बदलापूर, असे लोक सांगतात. कुळगाव, कात्रप, मांजर्ली, बेलवली ही एके काळची गावे. आता ती रिक्षावाल्याच्या तोंडचे थांबे झाली आहेत. आणि आपल्या नळाला जे पाणी येते त्याचे काय? १९७२ च्या सुमारास बारवी नदीवर धरण झाले. पुढे त्याची उंची वाढवली आणि २०१९ साली वाढीव उंचीपर्यंत पाणी भरले, तेव्हा तोंडलीसारखी गावे त्याखाली गेली. उल्हासनगरच्या घराघरात आपण जो तांब्या भरतो तो कुणाच्या तरी अंगणावरून आलेला असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो पाण्याला केवळ पाणी समजतो. ज्याला ठाऊक आहे तो ते पिताना क्षणभर थांबतो. नावाची नोंद माणसाला काय देते, ते यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या नावाकडे वळू. नावात काय आहे, असे आपल्याला पुष्कळ लोक विचारतात. बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९३६ साली मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात त्यांनी धर्मांतराची तुलना नामांतराशीच केली. जुन्या चौकटीत राहून चोखामेळा म्हणवून घेतले काय किंवा हरिजन म्हणवून घेतले काय, जुन्या नावाची घाण नव्या नावाला चिकटते. नाव खरे बदलायचे तर धर्मच बदलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात माणसांची घरे जळली, प्राण गेले. नावात काहीच नसते तर एवढा विरोध कशासाठी झाला असता?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. निर्णय स्वागतार्हच होता. पण त्या जुन्या नावांच्या यादीत ‘बौद्धवाडा’ हेही नाव होते, याचा आपण विचार केला काय? आपण स्वाभिमानाने घेतलेले नाव त्या यादीत कसे गेले? उत्तर कडू आहे. पुष्कळ गावांत नाव बदलले, पण जागा बदलली नाही. वस्ती होती तिथेच, वेशीबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहिली. गावाने फक्त नवा शब्द उचलला आणि जुन्याच स्वरात उच्चारला. म्हणून उद्या ‘भीमनगर’ हा शब्दही कुणी त्याच स्वरात उच्चारला, तर आपण तोही बदलायचा काय? असे किती वेळा पळणार?

या ठिकाणी धम्म आपल्याला मदत करतो. भिक्खू नागसेन यांनी मिलिंद राजाला सांगितले की ‘नागसेन’ हा केवळ व्यवहाराचा शब्द आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. तसेच वस्तीचे आहे. मांगवाडा या शब्दात स्वतःची अशी कोणतीही अपवित्रता नाही. अपवित्रता होती ती तो शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात. मग ज्याच्या मनात मळ होता त्याने लाजायचे, की ज्याच्यावर तो फेकला गेला त्याने?

तथागतांनी आणखी एक दृष्टांत दिला आहे. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू, मही या नद्या समुद्राला मिळाल्या की आपापली नावे टाकतात आणि केवळ महासागर म्हणून ओळखल्या जातात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की आपली पूर्वीची नावे-गोत्रे टाकतात. आपल्याकडे बारवी, काळू, वालधुनी यांचे पाणी उल्हासला मिळते आणि पुढे खाडीतून समुद्रात जाते, तसेच हे. ती माउली हाच दृष्टांत मनात धरून माझ्याकडे आली असेल, तर तिचे काय चुकले?

पण इथेच नीट पाहावे लागते. संघाने पूर्वीची नावे टाकली, ती पुसली मात्र नाहीत. उपाली हा शाक्यांचा न्हावी होता आणि दीक्षेनंतर शाक्य राजपुत्रांनी त्याला वंदन केले, हे आपल्याला कसे कळले? सुनीत हा सफाईचे काम करणारा होता, हे कसे कळले? संघानेच ते जपून ठेवले म्हणून. संघाने उपालीला ‘ए न्हाव्या’ अशी हाक मारली नाही. पण तो न्हावी होता ही गोष्ट लपवलीही नाही, कारण ती लपवली असती तर संघाने काय घडवून आणले हेच जगाला कळले नसते. हाकेतले नाव गेले आणि नोंदीतले राहिले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

नोंदीची ताकद पाहायची असेल तर आपल्याच परिसरातल्या लेण्यांकडे पाहा. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजाचे व त्याच्या अधिकाऱ्यांचे नाव सापडते. पण त्याच्याही सुमारे आठ-नऊशे वर्षे आधी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने एक वाट करून दिली आणि कल्याणच्याच सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके खोदवले. दोघांनी आपले नाव, आपला धंदा आणि आपले गाव दगडावर कोरून ठेवले. लोहार म्हणवून घेण्याची नंदाला लाज वाटली नाही. बदलापूरहून पुढे कर्जतकडे गेलात तर कोंडाणे लेणी आहेत. तिथे कण्हाचा शिष्य बलक याचे नाव आजही वाचता येते. कार्ल्याच्या लेण्यात ‘धेनुकाकट’ या गावच्या दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. त्यांत एक सुतारही आहे. ते धेनुकाकट नेमके कुठे होते यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. गाव नाहीसे झाले, पण माणसे उरली, कारण त्यांनी नोंद ठेवली.

खुद्द तथागतांच्या जन्मस्थळाचे तेच. लुंबिनी शेकडो वर्षे लोकांच्या विस्मरणात गेली होती. जवळपासचे लोक त्या जागेला रुम्मिनदेई म्हणत. १८९६ साली सम्राट अशोकाचा स्तंभलेख उजेडात आला आणि भगवान बुद्धांचा जन्म इथेच झाला हे सिद्ध झाले. अशोकाने ती ओळ कोरली नसती तर आज आपण कुठल्या दिशेला हात जोडले असते?

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. महाविद्यालयात एका मित्राने विचारले, “गाव कुठलं तुझं?” मी म्हणालो, “मुरबाड तालुक्यात.” “गावात घर कुठे?” मी म्हणालो, “गावातच.” हे साफ खोटे होते. आमचे घर गावात कधीच नव्हते. ते महारवाड्यात होते आणि महारवाडा गावाबाहेर होता. रोज सकाळी ‘मुसावादा वेरमणी’ म्हणणारा मी एका शब्दाच्या भीतीने चौथे शील मोडून बसलो.

पुढे जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागला. वडिलांना घेऊन गावी गेलो. कोतवाल बुकातल्या एका जीर्ण पानावर पणजोबांचे नाव निघाले आणि त्यापुढे तोच शब्द, जो मी मित्रापासून लपवला होता. मी ज्याला पुसत होतो त्यानेच माझी ओळख पटवली.

त्या दिवशी आत्या मला जुनी वस्ती दाखवायला घेऊन गेली. आता तिथे कुणी राहत नाही. काही घरे अंबरनाथला आली, काही मुंबईला गेली. उरलेल्यांनी सडकेलगत नवी घरे बांधली आणि पाटी लावली ‘भीमनगर’. जुन्या जागी गवतात सात-आठ जोती, एक चिंच आणि एक विहीर आहे. आत्या म्हणाली, “ही आपली विहीर. गाव आपल्याला त्यांच्या विहिरीवर येऊ देत नव्हतं.” मी विचारले, “आणि मांगवाडा?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांना आपण वरून पाणी ओतायचो. आपल्या दोराला हात लावू देत नव्हतो.”

वाचकहो, बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती मी पुस्तकात वाचली होती. त्या विहिरीवर ती मला माझ्याच घरात सापडली. आम्ही जुनी वस्ती विसरलो असतो तर गावाने आमच्यावर केलेला अन्याय विसरलो असतोच, पण आम्ही दुसऱ्यावर केलेला अन्यायही सोयीस्करपणे विसरलो असतो. आज त्या मांगवाड्यातल्यासारखीच एक माउली दीक्षा घेऊन माझ्या शेजारी विहारात बसते. तिच्या शेजारी बसण्याची योग्यता मला यायची असेल, तर ती विहीर मला आठवलीच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. कुणी आपल्याला जुन्या नावाने हाक मारली तर ओ देऊ नका. कायद्याने आणि संघटनेने त्याला थांबवा. वस्तीची पाटी अवश्य बदला. पण पाटी बदलण्याआधी एक वही घ्या. येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जमाल तेव्हा दर आठवड्याला एका वृद्धाला किंवा वृद्धेला बोलते करा. वस्तीचे जुने नाव काय होते, ती गावाच्या कोणत्या अंगाला होती, पाणी कुठून आणत, कुणाला घेऊ देत आणि कुणाला देत नसत, हाडोळ्याची जमीन कोणती, वस्ती कधी उठली, कोण कुठे गेले, हे सारे लिहून ठेवा. शाईने लिहा आणि खाली तारीख घाला. ही माणसे आपल्यामधून गेली की त्या पानाला दुसरी प्रत नाही.

त्या मुलीच्या आईला मी पुन्हा बोलावले आणि वहीत लिहिण्यासाठी दोन वाक्ये सुचवली: ‘माझ्या पणजोबांना गावाबाहेर ज्या वस्तीत ठेवले होते तिला गाव मांगवाडा म्हणत असे. आम्ही बौद्ध आहोत.’ ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ‘ठेवले होते’ या शब्दांवर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “हे बरोबर आहे. आम्ही राहिलो नव्हतो, ठेवलं होतं.” मग वही पिशवीत घालून म्हणाली, “सासूबाईंना वाचून दाखवते, सर.”

घरी त्यांचे काय ठरले ते मी विचारलेले नाही. तो त्यांचा निर्णय आहे. तुमच्या घरातला निर्णय तुमचा. फक्त तो भीतीपोटी घेऊ नका, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!