राखणदार दूत आणि लाईफ जॅकेट



गेल्या सुट्यांमध्ये आपल्यातीलच एका कुटुंबासोबत आम्ही रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो होतो. सोबत त्यांचे सहा वर्षांचे लेकरू होते. नावेत बसण्याआधी त्याच्या पप्पांनी त्याला लाईफ जॅकेट घातले, पट्टे ओढून बक्कल लावले आणि जॅकेट खांद्यांशी धरून वर उचलून पाहिले. ते हनुवटीवर सरकले नाही, म्हणजे मापाचे होते. मग त्यांनी बजावले : नावेत उभे राहायचे नाही, पाण्यात हात घालायला वाकायचे नाही, सगळ्यांनी एका बाजूला जायचे नाही; आणि नाव उलटलीच तर घाबरून दूर न जाता नावेलाच धरून राहायचे.

लेकराने सारे ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून विचारले, "फादर, राखणदार दूत आपल्याला सांभाळतो ना? मग जॅकेट कशाला?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला राखणदार दूताविषयी आम्हीच शिकवले होते. आम्ही घाईने उत्तर दिले, "थोडं काम देवाचं, थोडं आपलं." लेकराचे समाधान झाले, पण आमचे झाले नाही. कारण देवाची राखण आणि माणसाची काळजी अशी वाटणी केली, तर जितकी आपली काळजी वाढेल तितकी देवाची गरज कमी होते, असा अर्थ निघतो. ही तर श्रद्धा नव्हे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा खोलवर विचार केला. देव आपली काळजी पुष्कळदा आपल्या निर्मितीच्या हातूनच वाहतो. एकट्याने ते त्याला जमत नाही म्हणून नव्हे, तर त्याच्या चांगुलपणात सहभागी होण्याचा मान तो आपल्याला देतो म्हणून. तेव्हा बक्कल लावणारा बापाचा हात देवाच्या हाताच्या आड येत नाही. त्या घटकेला देवाची राखण त्याच हातातून लेकरापर्यंत पोचत असते.

शुभवर्तमानातील मोहाचा प्रसंग आठवा. मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभू येशूला नेमके दूतांच्या राखणीचेच वचन ऐकवले आणि खाली उडी टाकायला सांगितले. वचन खरे होते, पण मागणी खोटी होती. प्रभूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे, असे त्याने स्पष्ट केले. "आमचं काही होत नाही, देव आहे" असे म्हणत जॅकेट बाजूला ठेवणारे आपण नकळत त्याच शिखरावर उभे असतो.

इथे थोडे थांबले पाहिजे. जुलै २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील वेणा धरणात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव बुडून ११ जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्यांच्यापैकी कुणाची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. लहान मुले तर मोठ्यांवर भरवसा ठेवूनच नावेत बसतात. जिथे मोठ्यांचा हात मागे राहतो, तिथे "देवाने का वाचवले नाही?" असे विचारण्याआधी "आम्ही कुठे होतो?" हा प्रश्न आपल्याला स्वतःला विचारावा लागतो.

मग मुलांना पाण्याजवळ नेऊच नये का? तसे नव्हे. भीती ही वाईट शिक्षिका आहे. "पाण्यात बुवा आहे" असे सांगितलेले लेकरू वडिलांची नजर आहे तोवरच काठावर राहते. नजर हटली की ते जाते, आणि काय करायचे ते त्याला ठाऊक नसते. विवेक हा सद्गुण भित्रेपणा आणि आततायीपणा या दोन्हींपासून दूर असतो. म्हणून नियमासोबत कारणही सांगावे. उथळ पाण्यात, आपला हात जवळ ठेवून, जॅकेट कसे तरंगवते ते मुलाला अनुभवू द्यावे. ज्याला कारण कळले, त्याचे आज्ञापालन आपल्या पाठीमागेही टिकते.

आता कबुली. नाव काठापासून थोडी दूर गेल्यावर तेच लेकरू म्हणाले, "पप्पा, तुमचं बक्कल लागलं नाही. फादर, तुमचंपण नाही." खरेच होते. उकडते म्हणून आम्ही दोघांनी जॅकेट नुसते अंगावर टाकले होते. आमच्या साऱ्या उपदेशाहून ते सुटे बक्कल मोठ्याने बोलत होते. आम्ही मुकाट्याने ते लावले.

रविवारी चर्चच्या आवारातही हेच दिसते. स्कूटरवर पुढे लेकरू उभे, आणि वडिलांचे हेल्मेट आरशाला अडकवलेले. मुले आपले शब्द कमी आणि आपली बक्कले जास्त पाहतात.

तेव्हा पुढच्या सहलीला निघताना कुटुंबाने एकत्र प्रार्थना जरूर करावी, राखणदार दूताला हाक मारावी. आणि 'आमेन' म्हणताच आधी मोठ्यांनी आपले बक्कल लावावे, मग लहानांचे. तेही त्या प्रार्थनेतच धरावे.

प्रभू आपणा सर्वांना सांभाळो आणि एकमेकांना सांभाळण्याची सुबुद्धी देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू