शंकेतला खऱ्याचा कण

पोलिओने मुलाचा पाय गेलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू यायचं. ‘ताप आला होता, डॉक्टरने सुई टोचली आणि पाय लुळा पडला.’ शिकलेली माणसं यावर हसत. विषाणूने पाय गेला, त्यात सुईचा काय संबंध? पण संबंध होता. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं, तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे पुढे वैद्यकशास्त्रानेच मान्य केलं. साध्या तापालाही उठसूट सुई टोचण्याची आपल्याकडची रीत कित्येक पोरांना भोवली. आईने पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं, फक्त त्यामागचं कारण तिच्या हाती अर्धंच लागलं होतं.

लोकांच्या शंकेत असा खऱ्याचा कण बरेचदा असतो. तो ओळखला तेव्हा पोलिओची मोहीम पुढे सरकली आणि लोकांना अडाणी ठरवलं तेव्हा अडली, असं माझं मत आहे.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. पश्चिम उत्तर प्रदेशात, मुरादाबादच्या आसपास, पथकं पुन्हा पुन्हा दारात येऊ लागली. ‘मागच्या महिन्यात तर पाजलं, आता परत कशाला?’ थेंबांनी पुढे मूलबाळ होत नाही, अशी अफवा उठली आणि दारं बंद झाली. अफवा धादांत खोटी होती. पण ती रुजली का? आठ-दहा डोस घेतलेल्या मुलांनाही तिथे पोलिओ होत होता. दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब. अशा आतड्यात तोंडावाटे दिलेली लस नीट लागू पडत नाही. शिवाय ज्या सरकारने पाणी दिलं नाही, दवाखाना दिला नाही, तेच सरकार थेंबांची बाटली घेऊन इतक्या अगत्याने का येतंय, हा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला असता.

उत्तर मिळालं तेही याच प्रश्नांना धरून. तिथल्या विषाणूवर जास्त परिणामकारक लस आली, मशिदींतून आवाहनं झाली, वस्तीतल्याच बायका घरोघर जाऊन समजावू लागल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सर्वाधिक धोक्याचे १०७ विकासगट (ब्लॉक) निवडून तिथे लसीबरोबर स्वच्छता आणि जुलाबाचे उपचारही नेले. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. वन्य, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण हावड्यात सापडला, १३ जानेवारी २०११ रोजी. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त ठरला.

बूथवरच्या बाटलीकडे कधी नीट पाहिलंय? लेबलावर एक वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागली की तो गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला पोचला की बाटली बाद. म्हणजे शंका घ्यायची सोय लेबलावरच केलेली आहे. तरी ३१ जानेवारी २०२१ला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. त्यानंतर एखादी आई ‘बाटली बघू’ म्हणाली, तर तिला हटकायचं कुणी आणि कोणत्या तोंडाने?

लसीतही एक अवघड सत्य आहे. थेंबांत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. तो विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि लसीकरण कमी असलेल्या वस्तीत फिरत राहिला तर क्वचित पुन्हा बळावतो. २०२४मध्ये मेघालयाच्या गारो टेकड्यांत एका बालकाला झालेला पोलिओ लसीतूनच उद्भवलेल्या विषाणूचा होता. हे लपवण्याने भीती वाढते. थेंब बंद करणं हाही उपाय नव्हे, कारण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात वन्य विषाणू अजून आहे. मृत विषाणूची लस सुईने देतात. तिच्यात हा धोका नाही, म्हणून आपल्याकडे आता दोन्ही देतात.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीकरण कार्ड काढून बघा. थेंबांच्या नोंदींखेरीज सुईच्या तीन नोंदी हव्यात: सहाव्या आठवड्याची, चौदाव्या आठवड्याची आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबरची. ही तिसरी २०२३पासून आली आहे, तेव्हा थोरल्याच्या कार्डावर ती दिसली नाही तर घाबरू नका. धाकट्याची राहिली असेल तर आशाताईंना आजच गाठा.