कोतवाल कोणाचा?

मेहकराहून लोणारकडे जाणाऱ्यास वाटेत सुलतानपूर लागते. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात मोडते. ज्यांचे बालपण वऱ्हाडातील अशा गावी गेले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे 'कोतवाल' हा शब्द उच्चारताच एक विशिष्ट माणूस उभा राहतो. तलाठ्याचे दप्तर बगलेत मारून त्याच्या मागोमाग चालणारा, दवंडी देणारा, साऱ्याच्या दिवसांत घरोघर निरोप पोचविणारा असा तो माणूस. सरकारी उतरंडीत त्याच्या खाली कोणी नसे, आणि त्याला हाक मारताना कोणी आवाज खाली आणीत नसे.

१५९६ साली वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात गेला, आणि अबुल फझलाच्या 'आईन-ए-अकबरी'त त्या सुभ्याच्या सरकारांपैकी एक म्हणून मेहकराची नोंद झाली. त्याच ग्रंथात कोतवालाच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते वाचताना वरील चित्र मनात असलेला वाचक चकित होतो. तेथे कोतवाल हा शहराचा कारभारी आहे. त्याने घरांची नोंद ठेवावी, येणाऱ्या-जाणाऱ्या परक्याची खबर ठेवावी, भाव आणि वजने यांवर नजर ठेवावी, प्रत्येक धंद्यातून एकेक मुखिया नेमावा. चोरीचा माल शोधून काढावा, न निघाल्यास नुकसानीची जबाबदारी स्वतः घ्यावी. एवढेच नव्हे, तर प्रत्येक वर्गाच्या मिळकतीचा आणि खर्चाचाही अंदाज त्याने बारकाईने घ्यावा अशी आज्ञा आहे. थोडक्यात, बाजारातील कोणतीही गोष्ट त्याला अज्ञात राहू नये. हे सर्व करून हिशेब मात्र त्याने द्यावयाचा तो वर, बादशहाला. ज्यांच्या घरांची नोंद तो ठेवतो, त्यांनी त्याची नोंद कोठे ठेवावी, याविषयी ते प्रकरण काही बोलत नाही.

आमचा आजचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. पेठेवर नजर ठेवण्यासाठी नेमलेला माणूस कोणाचा? नेमणाऱ्याचा, की ज्यांच्यावर नेमला त्यांचा?

हा प्रश्न आपल्याकडेच पडला असे नाही. इंग्लंडात जुन्या काळी 'पोर्टरीव्ह' नावाचा अधिकारी असे. 'पोर्ट' म्हणजे येथे केवळ बंदर नव्हे, तर बाजाराचे गाव. आणि 'रीव्ह' म्हणजे राजाचा कारभारी. (मुंबईत शेरीफ नेमण्याची जी प्रथा होती, तो शब्दही ह्याच कुळातला.) इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी राज्य करणाऱ्या थोरल्या एडवर्डाच्या कायद्यात अशी आज्ञा आहे की, खरेदी बाजारगावीच व्हावी आणि तिला पोर्टरीव्हची किंवा इतर विश्वासू माणसांची साक्ष असावी. ह्या आज्ञेचा हेतू उघड आहे. चोरीचे ढोर आडरानात विकता येते, चारचौघांत विकणे अवघड जाते. शिवाय बाजारात झालेल्या व्यवहारावर राजाला आपला वाटा घेता येतो, आणि तो वसूल करणाराही पोर्टरीव्हच. अर्थात एकाच माणसाने विकणाऱ्याचा साक्षीदार व्हावे, घेणाऱ्याचा विश्वास सांभाळावा आणि दोघांकडूनही राजाची पट्टी वसूल करावी, अशी ही योजना. तिन्ही कामे एकाने निष्ठेने करावीत ही अपेक्षा केवढी अवघड आहे, ते ज्यांनी कोणत्याही संस्थेत चार वर्षे चिटणिसाचे काम केले असेल त्यांस सांगावयास नको.

१०६७ साली विल्यम राजाने लंडन शहरास जी सनद दिली, तीत तेथल्या बिशपाबरोबर पोर्टरीव्हलाही उद्देशून शब्द आहेत. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत लंडनने आपला 'मेयर' मिळविला, आणि जो राजाचा माणूस होता त्याच्या जागी हळूहळू शहराचा माणूस बसला. हे एका रात्रीत झाले नाही. राजाला पैशाची निकड लागे, आणि शहरे त्या निकडीचा मोबदला म्हणून हक्क मागून घेत. डेव्हनमधील अॅशबर्टन आणि वेल्समधील लाहर्न ह्या लहान गावांत पोर्टरीव्ह आजही आहे. लाहर्नचा पोर्टरीव्ह गळ्यात सोन्याच्या शिंपल्यांची माळ घालतो, अॅशबर्टनास वर्षातून एकदा मद्य चाखून व पाव तोलून पाहण्याचा सोहळा होतो. सत्ता गेली, शोभा उरली. आमच्या कोतवालाच्या वाट्याला तीही आली नाही.

मराठी मुलखात पेठेचा कारभार पाहणारे दुसरे वतनदार म्हणजे शेटे आणि महाजन. पेठ वसवावी, व्यापाऱ्यांस कौल मिळवून देऊन आणावे, त्यांचे तंटे तोडावेत, आणि त्याबद्दल दुकानागणिक ठरलेला हक्क घ्यावा. कागदावर पाटलाची निशाणी जशी नांगर, तशी ह्यांची तराजू. ही निशाणी आम्हांस फार बोलकी वाटते, कारण तराजू ज्याची निशाणी आहे त्याला दोन्ही पारडी सारखीच असली पाहिजेत. परंतु शेटेपण वंशपरंपरेचे होते. बादशहा त्याला सहजासहजी काढीत नसे, आणि पेठेला तर तो मुळीच काढता येत नसे. म्हणून तो ना राजाचा, ना पेठेचा. तो आपल्या वतनाचा होता. बाप न्यायी असला म्हणून मुलगा न्यायी निपजेल ही हमी कोणत्या कागदावर लिहिता येते?

कोतवाल वंशपरंपरेचा नव्हता, तो नेमलेला होता. तरीही त्याचे काय होऊ शकते, हे पुण्याने पाहिले. १७७७ साली नाना फडणिसांनी घाशीराम सावळदास ह्यास पुण्याची कोतवाली दिली. चौदा वर्षे त्याने ती केली. नगराची गस्त, वजने-मापे, भाव, लहानसहान तंटे, दंड, हे सगळे त्याच्या हाती. दंडाचा पैसा सरकारात नियमाने येत राहिला म्हणजे तो कसा आला ह्याची विचारणा होत नाही, हा सर्वकाळचा अनुभव आहे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी काही तेलंगी ब्राह्मणांस कोंडून ठेवले, त्यांतील बरेचजण गुदमरून मेले. लोक खवळले, नानांनी अखेर त्यास लोकांच्या हवाली केले, आणि ३१ ऑगस्ट रोजी तो दगडांनी ठेचून मारला गेला. मोरोबा कान्होबांनी १८६३ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९७२ साली तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले. त्यामुळे घाशीराम हे नाव आपल्याकडे दुष्टपणाचा पर्याय होऊन बसले आहे.

आमच्या मते ह्यात एक सोयीस्कर विसर आहे. घाशीराम दुष्ट होता असे म्हटले की, प्रश्न मिटतो. पुढच्या वेळी सज्जन नेमावा, एवढेच उरते. परंतु त्या चौदा वर्षांत पुणेकराला त्याच्याविरुद्ध जाण्यासाठी कोणती जागा होती? तक्रार न्यावयाची ती ज्यांनी त्यास नेमले त्यांच्याकडेच. ज्या शहराला आपल्या कोतवालाला जाब विचारण्याचा मार्ग नसतो, त्याच्या हाती शेवटी दगड राहतो. त्या दिवशी दगड मारणाऱ्यांतील कितीजणांनी आदल्या वर्षी त्याच कोतवालाकरवी शेजाऱ्याला दंड करविला असेल, हा विचारही आमच्या मनातून जात नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग उपाय सोपा आहे. नेमणूक पेठेच्या हाती द्या. इंग्लंडातील शहरांनी तेच केले. पण तेथेही पुढे पुष्कळ शहरांचा कारभार चार घरांत कोंडला गेला, आणि १८३५ साली पार्लमेंटला कायदा करून तो मोडावा लागला. आमच्या वऱ्हाडाचा दाखला तर अधिक जवळचा आहे. १८५३ पासून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात होता. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली नियमांखाली आला. हिंदुस्थानातील असा तो पहिलाच बाजार समजला जातो. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर समिती आली, वजने तपासली जाऊ लागली, अडत आणि तोलाई ठरली. हे सर्व चांगलेच झाले. मात्र समितीवर व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, आणि ज्याचा कापूस त्या काट्यावर चढत होता त्या शेतकऱ्याला तीत जागा नव्हती. १९२८ च्या शेतकी आयोगाने हे वैगुण्य दाखविले. नियम मोडला जात नव्हता, कोणी चोरीही करीत नव्हते. पण नियम कोणी करावयाचा हे ठरविणारी खोली आधीच भरलेली होती.

म्हणून 'पेठेला जाब' हे शब्द आम्हांस अपुरे वाटतात. पेठ म्हणजे कोण? पेठेत दुकान असणारा तेथे रोज असतो. गाडी घेऊन आलेला संध्याकाळी परततो. त्याचा माल पडून राहू शकत नाही, त्याच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते. रोज असणारा आणि एक दिवस येणारा, ह्यांचे मत सारखे मोजले तरी त्यांचे बळ सारखे होत नाही. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले, बहुसंख्येने आले. आता ते प्रतिनिधी निवडून येण्यासाठी काय काय करावे लागते, आणि निवडून आल्यावर ते कोणाच्या दिवाणखान्यात बसतात, ही चर्चा वाचक आपापल्या गावाच्या अनुभवाने करतीलच.

तेव्हा नेमणारा कोण हे पाहून काम भागत नाही, असे आम्हांस वाटू लागले आहे. काट्यासमोर उभ्या असलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाला, "पुन्हा तोला" असे म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर पुढच्या बाजारी त्याच्या मालाला गिऱ्हाईक राहते काय, हेही पाहिले पाहिजे. सनदा, वतने, समित्या, कायदे ह्यांनी पहिल्या गोष्टीची सोय थोडीबहुत केली. दुसरीची अजून कोणी केलेली नाही.

सुलतानपुरासारख्या गावातून सोयाबीनचे किंवा तुरीचे पोते घेऊन निघालेला शेतकरी आता विजेच्या काट्यापुढे उभा राहतो. काट्यावरचे लाल आकडे क्षणभर हलतात आणि थांबतात. तो आकड्यांकडे पाहतो, मग तोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि पावती घेतो.