गाठीतली लाली

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर मागं पडत जातात आणि श्रावणात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. फुलोऱ्यातलं एखादं झाड मुळासकट अलगद उपटावं, मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखानं फोडावी. आत लाली दिसली की जाणता शेतकरी निर्धास्त होतो. गाठ काम करतेय, हवेतलं नत्र पिकाला मिळतंय.

ही लाली लेगहिमोग्लोबिनची, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाची. जपानच्या कुबो यांनी १९३९ साली सोयाबीनच्याच गाठींत ते ओळखलं. नत्र बांधणारं विकर प्राणवायूनं निकामी होतं आणि गाठीतल्या जिवाणूंना तर श्वासाला प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन आपल्या लोहावर तो धरून ठेवतं, जिवाणूंना मोजून देतं.

मला मात्र जास्त विचारात पाडतं ते फेरिटिन. मोकळं लोह पेशीला घातक. हायड्रोजन पेरॉक्साइड भेटलं की त्यातून असे जहाल कण निघतात, जे मेद, प्रथिनं, डीएनए, समोर येईल ते पोळत सुटतात. लोह आणि पेरॉक्साइडची ही करामत हेन्री फेंटन यांनी १८९४ साली मांडली. फेरिटिन म्हणजे त्यावरची कणगीच. २४ तुकड्यांनी विणलेली, आतून पोकळ, साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू पोटात घेणारी. कोवळ्या गाठीत आधी फेरिटिन वाढतं, लाली नंतर चढते. आधी कणगी, मग धान्य! अशी तजवीज मुळाशी मातीत चालते, हे कळल्यापासून गाठ फोडताना हात जरा जपूनच चालतो.

आपल्या काळ्या रानात लोहाला तोटा नाही. पण चुनखडीमुळं ते मुळांच्या हाती लागत नाही. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मग हिराकसाची फवारणी. आमच्या काकांच्या हातून एकदा घाईत हिराकस जास्त पडला आणि तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. उपाशी पिकालासुद्धा लोह मापानंच लागतं, हे ते पुढं प्रत्येक पेरणीला सांगायचे.

शेंगा भरत आल्या की गाठी थकतात. लाली मोडते, फोडलेली गाठ आत हिरवट निघते. तिच्यातलं लोह सगळं वाया जात नाही. बराच वाटा वर चढतो, दाण्यांत पोचतो. तिथंही काही लोह फेरिटिनच्याच पोटात बंद होतं आणि मृगाचा पाऊस पडून बी रुजेपर्यंत थांबून राहतं.