बाटली वाचेल, तावेर्न जाईल

काजूचा हंगाम आला की फेणीवरची चर्चा सुरू होते आणि ती दरवर्षी एकाच ठिकाणी जाऊन थांबते: मेक्सिकोने टकीलाचे केले ते आपण फेणीचे करावे. देखणी बाटली, नेटके लेबल, विमानतळावर दुकान, परदेशी बाजार. काजू फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आता फक्त विकायचे राहिले. मोपाचा विमानतळ पेडण्यातच झाल्यामुळे आम्हा पेडणेकरांना तर हे आवर्जून ऐकवले जाते. दारू म्हटली की नाक मुरडणाऱ्यांशी किंवा गोवा म्हणजे दारूच समजणाऱ्यांशी माझा वाद नाही. माझा वाद या टकीलावाद्यांशी आहे, कारण त्यांना फेणीबद्दल खरेच प्रेम आहे आणि तरीही ते अर्धीच गोष्ट वाचवायला निघाले आहेत.

पेय वाचवायचे की ते प्यायची जागाही, हा पेच इंग्लंडमध्ये आधी पडला. मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चराइझ केलेली, वायूच्या दाबाने ग्लासात येणारी बिअर पबांत आणली. तिच्या विरोधात १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. ‘रिअल एल’ कशाला म्हणायचे हे तिने ठरवले: जिच्यातून ओतायची त्याच पिंपात दुसऱ्यांदा आंबलेली, बाहेरचा कार्बन डायऑक्साइड न घालता दिलेली बिअर. म्हणजे पिंप कारखान्यातून निघते तेव्हा आतले काम अपुरेच असते. पबच्या तळघरात, ११ ते १३ अंशांच्या गारव्यात ती निवळते, मुरते. पिंप फोडले की तीन-चार दिवसांत संपवावी लागते. ही राखण पबवाल्याची. पब बंद पडला तर रिअल एलचे दुकान जाते आणि तिच्या घडणीचा शेवटचा टप्पाही जातो.

माझे सगळे म्हणणे या एका भेदावर उभे आहे. काही पेये भट्टीवर पुरी होतात, काही जिथे प्यायली जातात तिथे.

टकीलावादी म्हणतील, फेणी ऊर्ध्वपातित आहे, वर्षानुवर्षे टिकते, म्हणजे ती पहिल्या प्रकारातली. मग हुर्राकाचे काय? पिकून आपोआप गळलेले काजूचे बोंडू गोळा करायचे, लगेच चेचून रस काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेला येतो तो हुर्राक. मार्च ते मे एवढाच त्याचा काळ. पाऊस लागला की त्याची चव उतरू लागते. लिमका, मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो प्यायचा तर भट्टीजवळच्या तावेर्नातच, म्हणजे गावच्या छोट्या गुत्त्यातच. परदेशी बाजारात त्याला जागा नाही, आणि फेणी तर त्याच्याच पोटी जन्मते.

टकीलाची तुलना आणखी एका ठिकाणी तुटते. अगेव्ह शेतात लावतात, सहा-सात वर्षे वाढवतात, कारखाना बारा महिने चालतो. आमच्याकडे काजूच्या झोनांची दरवर्षी पावणी (लिलाव) होते, भट्ट्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या, प्रत्येकीच्या धारेचा वास निराळा. बाटलीला दर खेपेला तीच चव लागते, म्हणून हा निराळेपणा मिसळून पुसावा लागतो. तावेर्नकार उलट तोच राखतो. गाराफांवातली (मोठ्या काचेच्या बाटलीतली) फेणी हलवून तिचा फेस किती वेळ टिकतो हे तो बघतो, कोणत्या भट्टीची ते सांगतो, वाईट निघाली तर गिऱ्हाईक त्यालाच धरते. ही पारख फेणी पुरी करते, असे मी मानतो.

ही पारख जिथे होते त्या तावेर्नांबद्दल कोणी बोलत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतच्या दारूविक्रीवर बंदी आणली, तेव्हा गोव्यात आरडाओरडा झाला तो पर्यटनाच्या नुकसानीचा. गावच्या तावेर्नाचे वेगळेपण कोणाच्या तोंडी आले नाही. पेडण्यात चोपड्यापासून मोरजीपर्यंत जमिनीला आलेला भाव पाहता दोन बाकांची, एका टेबलाची जागा किती दिवस तग धरणार? तिच्या जागी येणाऱ्या रेस्टॉरंटात फेणी मिळेलही, कॉकटेलमध्ये.

तावेर्न ही पुरुषांची जागा होती आणि दारूने संसार बुडाले, हे मला मान्य आहे. पण कोणी किती घेतली हे ओळखणारा माणूस तावेर्नातच असतो, घरी नेलेल्या बाटलीपाशी नसतो.

इंग्लंडच्या २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पब ‘सामुदायिक मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेण्याची सोय केली. विकायला निघाला तर गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळतात. २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते. आपल्या ग्रामसभांना असा अधिकार का नसावा? पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या पंचायतींनी आपापल्या हद्दीतल्या तावेर्नांची यादी करून तो मागायला हवा, आणि फेणीच्या नावाने भरणाऱ्या प्रत्येक परिषदेत बाटलीच्या आधी ती यादी वाचली जायला हवी.