इंद्रायणीतली चिलापी

महाशीर हा इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यातला मूळचा मासा. ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्सने 1839 मध्ये त्याची खुद्री जात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवली. आफ्रिकेची चिलापी 1952 मध्ये मत्स्यपालनासाठी भारतात आणली गेली आणि पुढे इंद्रायणीतही आली. मूळ जीवसृष्टी परत यावी म्हणून चिलापी मारावी का? देहू-आळंदीच्या काठी, जीवहत्या निषिद्ध मानणाऱ्या वारकऱ्यांच्या नदीत, हा प्रश्न फार जड आहे. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लांनाही तोंडात आसरा देते; इथे येण्यात तिचा काय दोष? शिवाय पिंपरी-चिंचवड, चाकणच्या सांडपाण्याने प्राणवायू घटलेल्या पाण्यात चिलापी तगते, महाशीर तगत नाही. सांडपाणी न रोखता तिला मारणे ही निव्वळ हिंसाच. पाणी सुधारल्यावर जाळ्याने तिची संख्या घटवणे समर्थनीय ठरेल. मात्र खाली उजनी धरणात तिच्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना आधी विचारायला हवे.